बोटीचा वेग कोण सांगणार, पाणी की आकाश?

259 मीटर आणि 16.08 सेकंद. पाण्यावरच्या स्कीइंगमधला सगळ्यात चुरशीचा प्रकार म्हणजे स्लालम, आणि त्याचं सगळं गणित या दोन आकड्यांत येतं. बोट ताशी 58 किलोमीटरने सरळ रेषेत धावते. मागे दोर धरून एकाच स्कीवर उभा असलेला खेळाडू एकदा डावीकडच्या, एकदा उजवीकडच्या बोयाला वळसा घालत सुटतो. असे सहा बोये. प्रत्येक बोया बोटीच्या रेषेपासून साडेअकरा मीटर लांब, आणि बोटीच्या दिशेने मोजलं तर दोन बोयांमध्ये 41 मीटर. हिशेब करून पाहा, एका बोयाहून दुसऱ्याला पोचायला मिळतात अडीच सेकंद! तेवढ्यात बोटीमागच्या लाटा ओलांडून 23 मीटर आडवं जायचं, वळायचं आणि पुन्हा उलट निघायचं.

आता डॅशबोर्डवरचं स्पीडोमीटर एका मैलाने चुकतंय असं धरा. अमेरिकेत बोटीचा वेग मैलांतच सांगतात आणि 58 किलोमीटर म्हणजे 36 मैल. काटा 36 वर आहे, पण बोट चालली आहे 35 ने. तेच 259 मीटर कापायला आता साडेसोळा सेकंद लागतात. खेळाडूला जवळजवळ अर्धा सेकंद आयता मिळाला. चूक उलटी असली तर तोच अर्धा सेकंद त्याच्याकडून काढून घेतला गेला, आणि त्याला ते कळलंही नाही.

दोराची गोष्ट तर आणखी भारी आहे. सुरुवातीला दोर 18.25 मीटर लांब असतो. खेळाडूने सहाही बोये यशस्वी पार केले की पुढच्या फेरीला दोर आखूड करतात: 16 मीटर, मग 14.25, मग 13, मग 12, असं करत करत 10.75 मीटर. इथे जरा थांबा. बोया आहे साडेअकरा मीटरवर आणि दोर आहे पावणेअकरा! म्हणजे दोर बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर खेळाडू स्वतःचं शरीर पाण्यावर जवळजवळ आडवं करून, एक हात लांबवून भरून काढतो. जगातले अव्वल खेळाडू यापेक्षाही आखूड दोरावर खेळतात. त्या क्षणी बोटीने वेगात जराशी गडबड केली तर सगळा खेळ संपला.

म्हणूनच स्की बोटीचे मालक एक बदल मोठ्या हौसेने करतात. पाण्याच्या दाबावर चालणारं जुनं स्पीडोमीटर काढायचं आणि त्या जागी जीपीएसवालं बसवायचं. काम फारसं मोठं नाही. पण त्या एका गोल डायलमागे पॅरिसची नदी आहे, रशियाचा उपग्रह आहे, आइन्स्टाइन आहे आणि चिखलाचं घर बांधणारी एक माशीसुद्धा आहे.

खेळाचा जन्म नदीत

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचं गाव आहे. 1922 साली तिथल्या राल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोराच्या डोक्यात आलं, की बर्फावर स्की चालते तर पाण्यावर का नाही? आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फातल्या स्की वापरून पाहिल्या. दोन्हींनी त्याला बुडवलं. मग त्याने आठ फूट लांबीच्या दोन पाइनच्या फळ्या आणल्या, आईच्या तांब्याच्या भांड्यात त्यांची टोकं उकळली आणि वर वाकवली. 2 जुलै 1922 ला भाऊ बेन बोट चालवत असताना राल्फ पाण्यावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता.

1925 मध्ये त्याने पाण्यात तिरका तराफा उभा करून त्यावरून उडी मारली. स्की घसरावी म्हणून तराफ्याला डुकराची चरबी फासली होती. त्याच वर्षी त्याने पाण्यावर उतरणाऱ्या विमानामागे दोर बांधून ताशी 80 मैलांचा वेग गाठला. पेटंट मात्र त्याने घेतलं नाही. ते 1925 मध्ये फ्रेड वॉलर या न्यूयॉर्कच्या माणसाने घेतलं. याच वॉलरने पुढे तीन प्रोजेक्टर आणि भला मोठा वक्र पडदा वापरणारं सिनेरामा तंत्र काढलं.

राल्फ ज्या लेक पेपिनवर स्की करत होता, तो तलाव म्हणजे खरं तर मिसिसिपी नदीचंच रुंद झालेलं पात्र आहे. पाणी तिथे हळूहळू का होईना, वाहत असतं. ही बाब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काटा वेग मोजतच नाही!

जुन्या बोटीतलं स्पीडोमीटर हे मुळात दाबमापक आहे. बोटीच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला बोटभर लांबीची एक नळी असते, तिचं तोंड पुढच्या दिशेला. बोट पुढे जाते तसं पाणी त्या छिद्रावर आदळतं. तो दाब प्लास्टिकच्या बारीक नळीतून डॅशबोर्डपर्यंत जातो आणि काटा हलतो. अनेक आउटबोर्ड मोटरींना हे छिद्र पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाच्या पुढच्या धारेवर आधीपासूनच दिलेलं असतं. तारा नाहीत, बॅटरी नाही. कल्पना म्हणून ही अतिशय देखणी आहे.

ती सुचली आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याला, 1732 मध्ये. पॅरिसमधून वाहणाऱ्या सेन नदीचा वेग त्याला मोजायचा होता. त्याने काचेची नळी खालच्या टोकाला काटकोनात वाकवली आणि ते तोंड प्रवाहासमोर धरून नदीत सोडली. नळीत पाणी जितकं वर चढेल तितका प्रवाह वेगवान. नदी जितकी खोल तितका तिचा वेग जास्त, असा त्या काळच्या जाणकारांचा समज होता. पितोच्या नळीने तो एका फटक्यात खोटा ठरवला. पुढे 1850 च्या दशकात आंरी डार्सी या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने नळी सुधारली, आणि त्याच कल्पनेची नळी आज प्रत्येक प्रवासी विमानाच्या नाकाशी बसवलेली असते.

डॅशबोर्डमधला तुकडाही फ्रेंचच. यूजेन बूरदाँने 1849 मध्ये दाब मोजण्यासाठी चपटी, गोल वळवलेली धातूची नळी शोधली. जत्रेत मिळणारी कागदाची पिपाणी फुंकली की कशी सरळ होते, तशी ही नळी आतला दाब वाढला की उलगडू पाहते. तिच्या टोकाला जोडलेला काटा सरकतो.

आता खरी मेख. पाण्याचा हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, वेग तिप्पट झाला की नऊपट. उलट वेग अर्धा झाला की दाब चौथ्या हिश्शावर येतो. पितोचीच काचेची नळी स्की बोटीला बांधली आहे अशी कल्पना करा. ताशी 36 मैलांना त्या नळीत पाणी 13 मीटर चढेल, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत! आणि लाटेवर फळी घेऊन उभं राहण्याचा जो खेळ, वेकसर्फिंग, त्याच्या साडेदहा मैल वेगाला? जेमतेम 1.1 मीटर. शाळेत नुकत्याच गेलेल्या मुलाच्या उंचीएवढं.

इतक्या थोड्या दाबावर काटा नीट हलणार कसा? त्यामुळे बऱ्याच जुन्या डायलवर सुरुवातीचे आकडे एकमेकांना चिकटलेले दिसतात, काहींवर तर पहिला आकडाच 10 असतो. शिवाय त्या बारीक नळीत पाणी साचून राहतं. अर्धा मीटर उंचीचं पाणी नळीत अडकलं, तर 36 मैलांच्या हिशेबात ते किरकोळ आहे. वेकसर्फिंगच्या वेगाला मात्र त्याने जवळजवळ निम्मा दाब खाल्ला. आणि वेकसर्फिंगमध्ये अर्ध्या मैलाच्या फरकाने लाटेचा आकार बदलतो. पितो नळीच्या बोटींचे मालक सर्फिंगची आवड लागली की जीपीएसकडे वळतात, त्यामागे हा साधा वर्गाचा नियम आहे.

याच नियमाची दुसरी बाजू पाहा. पाण्यावरच्या वेगाचा जागतिक विक्रम ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीचा आहे. 8 ऑक्टोबर 1978, न्यू साउथ वेल्समधलं ब्लोअरिंग धरण, ताशी 511 किलोमीटर. बोट त्याने घराच्या परसात बांधली होती आणि तिला जुनं जेट इंजिन बसवलं होतं. इतक्या वर्षांत तो विक्रम कोणी मोडलेला नाही. त्या बोटीला पितोची काचेची नळी लावली असती, तर पाणी एक किलोमीटरहून उंच चढलं असतं. 828 मीटरची बुर्ज खलिफा त्यापुढे ठेंगणी पडली असती.

शेवाळ, वाळू, बर्फ आणि कुंभारीण

स्पीडोमीटरचं छिद्र अगदी बारीक असतं, आणि तलावाचं पाणी काही गाळून येत नाही. शेवाळाचा एक धागा किंवा वाळूचे चार कण पुरेत, काटा तिथेच मरतो. थंड प्रदेशात तर वेगळंच संकट. हिवाळ्यात बोट शेडमध्ये असताना नळीत राहिलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि नळी किंवा तिचा सांधा फोडतं. सांध्यातून जरा जरी गळती झाली तरी दाब कमी पोचतो आणि काटा खरा वेग कमी करून सांगतो. मग चालक वेग वाढवतो आणि मागचा खेळाडू गरजेपेक्षा जास्त वेगाने ओढला जातो. माझ्या मते काटा पूर्ण बंद पडलेला परवडतो. बंद काट्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. चुकीचा काटा अगदी ठामपणे चुकतो, त्यात धोका जास्त.

बोट ट्रेलरवर उभी असली तरी छिद्र सुरक्षित नाही. कुंभारीण माशीला असली बारीक, कोरडी बिळं फार आवडतात. ती चिखलाचे गोळे आणून आत घर बांधते आणि तोंड लिंपून टाकते. विमानांनाही तिचा उपद्रव आहे. 1996 मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेलं बर्गनएअरचं विमान समुद्रात कोसळलं आणि त्यातले 189 जण गेले. वैमानिकाच्या बाजूची पितो नळी बंद झाली होती आणि संशय अशाच माशीच्या घरट्यावर होता. 2009 मध्ये रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात पितो नळ्या बर्फाने बुजल्या, वेगाचे आकडे बिघडले आणि 228 जणांचा जीव गेला. विमान उभं असताना नळ्यांवर लाल फीत लोंबणारं टोपण घालतात ते यासाठीच.

बोटीत एवढा जीवघेणा प्रसंग नसतो, आणि दुरुस्तीही सोपी असते. डॅशबोर्डच्या मागे जाऊन नळी स्पीडोमीटरपासून आधी सोडवा, मग तिच्यात हवा मारा, म्हणजे घाण छिद्रातून बाहेर पडेल. क्रम उलटा झाला आणि नळी जोडलेली असतानाच खालून कॉम्प्रेसरची हवा मारली, तर आतली ती नाजूक वळवलेली नळी कायमची वाकते. छिद्र हट्टी असेल तर बारीक तार फिरवायची. बऱ्याच स्की बोटींच्या स्पीडोमीटरला एक छोटा स्क्रूही असतो. मोबाइलवरचा जीपीएस वेग पाहत तो स्क्रू फिरवून काटा 36 वर बरोबर लावता येतो. पण तो 36 वर लावला म्हणजे 20 वरही बरोबर येईल, याची खात्री नाही.

उपग्रहाला बोटीचा वेग कसा कळतो?

उपग्रहाला काहीच कळत नाही! जीपीएसचा उपग्रह फक्त बोलतो, ऐकत नाही. तो 20,200 किलोमीटर उंचीवरून, ताशी सुमारे 14,000 किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती दिवसाला दोन फेऱ्या मारतो आणि सतत एक संदेश पाठवत राहतो. हिशेब सगळा बोटीतला डबा करतो.

कसा? जागेवरून वेग काढणं हा एक मार्ग झाला: आधी इथे होतो, आता तिथे आहे, भागिले वेळ. पण जागेत दोन-चार मीटरची चूक असतेच, त्यामुळे वेग उड्या मारतो. चांगले रिसीव्हर म्हणून दुसरीच युक्ती वापरतात. रेल्वे शिट्टी वाजवत जवळ येताना आवाज चढा लागतो आणि लांब जाताना उतरतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. क्रिस्तियान डॉपलरने 1842 मध्ये हा नियम मांडला. 1845 मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने तो तपासायला चक्क आगगाडीच्या उघड्या डब्यात तुतारीवादक बसवले आणि रुळाशेजारी सूर ओळखणारे संगीतकार उभे केले. नियम खरा निघाला.

जीपीएसची मुख्य लहर सेकंदाला 157 कोटी 54 लाख 20 हजार आवर्तनांची असते. बोट उपग्रहाच्या दिशेने ताशी एक किलोमीटरने सरकली, तर या आकड्यात फरक पडतो जेमतेम दीड आवर्तनाचा. 157 कोटींत दीड! तो दीडचा फरक तुमच्या डॅशबोर्डमधली नखाएवढी चिप पकडते, तीही एकाच वेळी चार-सहा-दहा उपग्रहांसाठी, आणि उपग्रहांच्या स्वतःच्या वेगामुळे पडणारा कितीतरी मोठा फरक वजा करून. मला या सगळ्या गोष्टीतलं हे सर्वात थक्क करणारं वाटतं.

या तंत्राचं मूळ स्पुटनिकमध्ये आहे. ऑक्टोबर 1957 मध्ये रशियाने पहिला उपग्रह सोडला तेव्हा अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या एका प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याची बीप-बीप ऐकत बसले होते. सूर कसा चढतो-उतरतो यावरून त्यांनी स्पुटनिकची कक्षा शोधून काढली. मग त्यांच्या वरिष्ठाने, फ्रँक मॅक्लूरने, प्रश्न उलटा केला. उपग्रह कुठे आहे ते माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? यातून ट्रान्झिट ही पाणबुड्यांना वाट दाखवणारी यंत्रणा जन्मली, आणि पुढे जीपीएस. जीपीएसचा पहिला उपग्रह फेब्रुवारी 1978 मध्ये गेला.

सामान्य माणसाला मात्र बरीच वर्षं मुद्दाम बिघडवलेला संदेश मिळत असे. अमेरिकी लष्कर त्यात जाणूनबुजून चूक मिसळायचं, त्यामुळे जागा 100 मीटरपर्यंत हुकायची आणि वेगही डळमळायचा. मे 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ बंद झाली. एका रात्रीत जगातला प्रत्येक जीपीएस सुधारला, कोणी एक स्क्रूही न फिरवता. बोटीच्या डायलमध्ये जीपीएस घालण्यात खरा अर्थ आला तो तेव्हापासून.

आणि आइन्स्टाइन? उपग्रहावर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे तिथलं घड्याळ दिवसाला 45 मायक्रोसेकंद पुढे जातं, आणि उपग्रह वेगात असल्यामुळे 7 मायक्रोसेकंद मागे पडतं. उरतात 38. हा फरक आधीच जमेस धरला नसता, तर जागेची चूक रोज 11 किलोमीटरच्या आसपास वाढत गेली असती.

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी

बोटीतल्या मोठ्या डायलचं भोक बहुतेक वेळा 85 मिलिमीटरचं, म्हणजे सव्वातीन इंचांहून किंचित मोठं असतं. त्यामुळे जुनं स्पीडोमीटर काढलं की जीपीएसवालं त्याच भोकात बसतं, डॅशबोर्ड कापावा लागत नाही. पण माप आधी घ्या. मग 12 व्होल्टची वायर, अर्थिंगची वायर आणि रात्री डायल उजळवणाऱ्या दिव्याची वायर, एवढीच जोडणी. ॲन्टेना काही डायलच्या पोटातच असते, काहींना वेगळी चकती येते. फायबरग्लासमधून संदेश आरपार जातो, धातूमधून जात नाही. तेव्हा चकती धातूच्या पत्र्याखाली लपवू नये.

विकत घेताना एक आकडा जरूर विचारा: सेकंदाला किती वेळा वेग मोजतं? जुने जीपीएस सेकंदातून एकदाच मोजत. 36 मैलांना बोट एका सेकंदात 16 मीटर जाते. म्हणजे दोन बोयांमध्ये दोन-तीनदाच वेग कळणार, तोही शिळा. सेकंदाला दहा वेळा मोजणारं घेतलं तर दर दीड-पावणेदोन मीटरला ताजा आकडा मिळतो. पितो नळीचा काटा मात्र या बाबतीत खरंच चपळ असतो, थ्रॉटल ढकलला की लगेच हलतो. त्याला त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

नवं डायल पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर काटा ढिम्म राहिला तर घाबरू नका. उपग्रह आपला संदेश सेकंदाला अवघ्या 50 बिट्सच्या गतीने पाठवतो, ही 1970 च्या दशकातली चाल आहे. एका उपग्रहाची स्वतःच्या कक्षेची माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा येते. सगळ्या उपग्रहांची यादी पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं लागतात.

जुनी नळी कापून तशीच लोंबत ठेवणं मात्र महागात पडेल. ज्या दाबाने आजवर काटा हलवला, तोच दाब आता पाणी थेट बोटीत ढकलत राहील. टोक घट्ट बूच मारून बंद करा.

मग पितोला निरोप द्यायचा का?

माझं उत्तर आहे, नाही. स्पर्धेच्या स्की बोटींमध्ये अनेकदा दोन स्पीडोमीटर असतात, प्रत्येकाची नळी वेगळी. त्यातलं एक बदला आणि एक ठेवा. कारण ही दोन यंत्रं दोन वेगळे वेग मोजतात. पितो नळी बोटीचा पाण्यातला वेग सांगते, जीपीएस जमिनीच्या हिशेबाने. शांत तलावात दोन्ही सारखेच. पण राल्फच्या मिसिसिपीत तसं नाही. सेन नदीत नांगर टाकून बोट उभी करा: जीपीएस शून्य दाखवेल आणि पितोची नळी नदीचा वेग सांगत राहील, तेही वीज नसताना.

कोकणातल्या तांडेलाला हे वेगळं समजावून सांगायला नको. दाभोळच्या खाडीतून ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर पडणारी होडी आणि त्याच ओहोटीत आत येणारी होडी, दोघींचं इंजिन तितकंच चालतं. पण पाणी ताशी 4 किलोमीटरने ओढत असेल आणि होडी पाण्यात 10 ने चालत असेल, तर एकीचा जीपीएस 14 म्हणेल आणि दुसरीचा 6. घरी किती वाजता पोचणार हे जीपीएस सांगतो. इंजिनावर ताण किती आणि फळी पाण्यावर तरंगेल का, हे पाण्यातल्या वेगावर ठरतं.

स्लालमचे बोये तळाशी नांगरलेले असतात, म्हणजे ते जमिनीचे. त्यामुळे 16.08 सेकंदांचा हिशेबही जमिनीच्या वेगाचाच, आणि तिथे जीपीएसच बरोबर.

आणखी काही चटकदार

पूर्वीच्या अमेरिकी निर्यात-नियमांप्रमाणे नागरी जीपीएस 1,000 नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे 1,850 किलोमीटरच्या वर मुकाट बंद पडावा लागे. क्षेपणास्त्रात कोणी वापरू नये म्हणून.

जीपीएस आठवडे मोजतो आणि 1,024 आठवडे झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. असं ऑगस्ट 1999 मध्ये झालं, एप्रिल 2019 मध्ये झालं आणि पुढचं नोव्हेंबर 2038 मध्ये आहे. अशा दिवसानंतर काही जुने जीपीएस एकोणीस-वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागतात.

शिडाच्या जहाजांवर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडत आणि 28 सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. दोन गाठींत अंतर 14.4 मीटर. भागाकार केला की बरोबर एक नॉट येतो.

स्की न घालता, अनवाणी पाण्यावर धावायला किती वेग लागतो? अमेरिकी खेळाडूंचा ठोकताळा असा: वजन पौंडांत घ्या, दहाने भागा, वीस मिळवा. 70 किलोच्या माणसाला 35 मैल, म्हणजे जवळपास स्लालमचाच वेग. आणि स्की घालून आजवरचा सर्वात वेगवान माणूस ऑस्ट्रेलियाचा क्रिस्टोफर मॅसी: 6 मार्च 1983, हॉक्सबरी नदी, ताशी 230 किलोमीटर.

हात सुकाणूवर

जीपीएसने वेग नेमका सांगायला सुरुवात केली, आणि पुढचं पाऊल आपोआप पडलं: वेग धरून ठेवण्याचं कामही यंत्राला देऊन टाकायचं. पूर्वी बोटीतला पंच स्टॉपवॉच घेऊन बसायचा आणि चालक काटा, इंजिनाचे फेरे आणि मागचा ओढा या तिन्हींकडे लक्ष देत हाताने थ्रॉटल सांभाळायचा. खेळाडू बोयाला वळताना बोटीला जोराचा हिसका बसतो, बोट मंदावते, लगेच वेग भरून काढायचा आणि तो जास्त होऊ द्यायचा नाही. सोळा सेकंदांत सहा वेळा. हे हाताने करणारे चालक फार मोठे कसबी होते. कॅनडातल्या परफेक्टपासने इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणलं, आणि 2000 नंतरच्या दशकाच्या अखेरीस झीरो ऑफ ही जीपीएसवर चालणारी यंत्रणा स्पर्धांमध्ये रुजली. हिसका बसल्यावर इंजिनाने मऊपणे उत्तर द्यायचं की झटक्याने, हे खेळाडू स्वतः निवडतो: ए, बी, सी यांतलं एक अक्षर आणि 1, 2, 3 यांतला एक आकडा. कोणाला बी 2 मानवतं, कोणाला सी 1, आणि धक्क्यावर त्यावरून तासन्‌तास चर्चा रंगते.

चालकाकडे आता उरलंय बोट मधल्या रेषेवर सरळ ठेवणं. तेही सोपं नाही, कारण मागचा खेळाडू बोटीला दर अडीच सेकंदांनी उलट्या बाजूला खेचतो. बोट रेषेपासून किती सेंटिमीटर सरकली, हेही आता उपग्रहांच्या मदतीने मोजतात.